कानावर घ्यावेत की कानात घालावेत?

निद्रानाश (धागाकर्ता)

लोकहो, आवाज मारणारे हेडफोन घ्यायचे आहेत. महिनाभर व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय, म्हणून आता माणसांना विचारतो.

परिस्थिती अशी. ऑफिस म्हणजे एक मोठा हॉल, मधे भिंती नाहीत. माझ्या पाठीमागच्या खुर्चीवरचे गृहस्थ दिवसातले चार-पाच तास फोनवर असतात, आणि फोन हे यंत्र आवाज लांब पोचवतं यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. डोक्यावर एसीची घरघर. वर्षातून चार-पाच लांबचे विमानप्रवास. चष्मा आहे, तो कायमचाच. रात्री कुशीवर झोपतो (झोप लागली तर).

मेहुण्याचे कानावरचे मोठे हेडफोन आठवड्यासाठी मागून आणले. चालू केले आणि एसी गायब! कुणीतरी खटका दाबावा तसा. दोन मिनिटं स्वर्ग. मग लक्षात आलं, की मागच्या गृहस्थांचं बोलणं आता शब्दन् शब्द ऐकू येतंय. आधी निदान अर्धं तरी घरघरीत बुडायचं. त्यांच्या गाडीच्या विम्याचा सगळा तपशील आता मला तोंडपाठ आहे.

म्हणजे हेडफोन बिघडलाय, मी बिघडलोय, की कानात घालायचे बड्स असते तर हे झालं नसतं? दोन्ही घेणं परवडणार नाही. एकच काय ते सांगा.

गरुडझेप

कानावरचे. विषय संपला.

बड्स पाच-सहा तासांत मान टाकतात. मग डबीत ठेवून चार्ज करत बसा, आणि नेमकं तेव्हाच मागच्या रांगेतलं बाळ उठतं. मोठे हेडफोन एका चार्जवर तीस-तीस तास चालतात. शिवाय बहुतेकांना वायर लावता येते, म्हणजे सीटसमोरचा पडदाही ऐकता येतो.

पायपीट

कानातले. विषय पुन्हा सुरू.

पाव किलोचं धूड डोक्यावर घेऊन जिना चढून बघा एकदा. बड एकेक पाच-सहा ग्रॅमचा असतो, खिशात कुठे आहे ते शोधावं लागतं.

गरुडझेप

शोधावं लागतं हे अगदी खरं. माझा एक उजवा बड गेली दोन वर्षं मी शोधतोय.

घुमट

निद्रानाश, हेडफोनही धड आहे आणि तुम्हीही. यंत्र ज्या कामासाठी बनलंय तेच त्याने चोख केलं, एवढंच.

आवाज म्हणजे हवेच्या दाबाची लाट. ती माइकने टिपायची, तिच्या बरोब्बर उलटी लाट स्पीकरमधून सोडायची. शिखरावर दरी बसते आणि दोघी सपाट. कल्पना फार जुनी आहे: पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाने १९३३ साली पेटंटसाठी अर्ज केला, अमेरिकेतलं पेटंट १९३६ मध्ये हातात आलं. पण कागदावरची लाट आणि कानातली लाट यांत फरक आहे. उलटी लाट वेळेवर पोचली पाहिजे, आणि किती वेळेवर, यातच सगळी मेख आहे.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर लाटांची, घरघर घेतली तर तिची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब होते. तुमची उलटी लाट अर्धा मीटर इकडेतिकडे पडली तरी थोडाफार फायदा उरतोच. आता ५००० हर्ट्झ घ्या, ‘स्’ उच्चारताना जी फुसफुस होते तिथलं. ही लाट जेमतेम सात सेंटीमीटरची. इथे एका सेंटीमीटरने चुकलात तर फायदा जवळपास शून्य, दोनने चुकलात तर आवाज कमी व्हायचा सोडून वाढतो. म्हणून हे तंत्र हजार हर्ट्झच्या खाली वाघ असतं आणि वर गेलं की मांजर.

एसी, पंखा, विमानाचं इंजिन ही सगळी खालची मंडळी. माणसाच्या बोलण्याचं काय? त्याचा मूळ सूर शंभर-दोनशे हर्ट्झचा असतो, पण शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि शब्दांची ओळख पटवणारा पट्टा म्हणजे १००० ते ४००० हर्ट्झ. तर मेहुण्याच्या हेडफोनने काय केलं? एसीची चादर ओढून घेतली, गृहस्थांचा खर्ज कापला आणि उरलेली व्यंजनं नीट निवडून तुमच्या कानात सोडली. आगीतून फुफाट्यात.

वरचे आवाज अडवायला इलेक्ट्रॉनिक्स उपयोगी नाही, बूच लागतं. गादी, रबर, फोम, जे काय असेल ते. तेव्हा कॅन्सलेशन (म्हणजे ही उलट्या लाटेची करामत) कुणाचं भारी, हा तुमच्यापुरता प्रश्नच नाही. तुमच्या डोक्याला बूच कुठे घट्ट बसतं, कानाभोवती की कानाच्या आत, ते आधी शोधा.

निद्रानाश

“व्यंजनं नीट निवडून” 😀 अगदी तेच होतंय. पण मग गादीचं बूच मेहुण्याकडे चालतं आणि माझ्याकडे का चालत नाही? त्याच्या मते हा हेडफोन लावला की बायकोसुद्धा ऐकू येत नाही. (हे वाक्य त्याचं आहे. बहीण हा धागा वाचत असेल तर कृपया नोंद घ्यावी.)

चष्मिस

मेहुण्यांना चष्मा आहे का? नसणार.

चष्म्याची काडी गादीच्या खालून जाते तिथे कानाच्या वर-मागे एक छोटासा बोगदा तयार होतो. दिसायला काही नाही, पण आवाजाला तेवढी फट पुरते. मी तीन वर्षं “माझा हेडफोन जरा सुमारच” असं म्हणत होते. मग एकदा विमानात चष्मा काढून डुलकी काढायला गेले आणि इंजिन निम्म्याने कमी झालं. आधी वाटलं उतरायला लागलो की काय.

उद्या हे करा. एसीखाली बसा, हेडफोन लावा, चष्मा काढा, परत घाला. फरक तुम्हालाच कळेल. मग चष्मा तसाच ठेवून दोन्ही गाद्या तळव्यांनी हलक्या दाबून बघा. दाबल्यावर आवाज बदलत असेल तर तुमची फट गळतेय.

बारीक तारेच्या काडीचा चष्मा असेल तर बराच फरक पडतो. माझी आधीची जाड काडी म्हणजे दार बंद करताना मधे चप्पल अडकवून ठेवल्यासारखी होती. लांब केस किंवा कानावरून घेतलेली टोपी असली तरी हेच होतं.

घुमट

चष्मिस यांना +१. आणि गळतीचा पहिला बळी खालचे आवाजच असतात, म्हणजे ज्या कामात यंत्र वाघ आहे नेमकं तेच काम बिघडतं. गाण्यातला ढोलही त्याच फटीतून पळतो. लोक मग बेस वाढवतात.

खडूस म्हातारा

एवढ्या गणिताची गरज काय? कापसाचे बोळे घाला. आम्ही आयुष्य काढलं.

मळसूत्र

काका, कापूस भोकांनी भरलेला असतो, त्यातून आवाज सरळ आत जातो. तुमचं आयुष्य शांत गेलं याचं श्रेय कापसाला देऊ नका.

मी श्रवणतज्ज्ञ आहे, दिवसभर लोकांच्या कानांतच डोकावते, (आयडीवरून विनोद करून झाले असतील तर) थोडं लिहिते.

फोमचे बोळे मात्र उत्तम. आवाज किती कमी होतो याचा वेष्टनावरचा आकडा ३० डेसिबलच्या आसपास असतो, पण तो बोळा नीट घातला तरच. बहुतेक लोक तो कानाच्या दारात ठेवतात. बोटांत वळून सुतळीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. कर्णनलिका सरळ नळी नसते, ती वळणाची असते, साधारण अडीच सेंटीमीटरची. पाळी ओढली की वळण जरा सरळ होतं. फोमची टोपी असलेले बड्सही याच पद्धतीने घालायचे.

बड्सबद्दल माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या. “उजवा बसतो, डावा निसटतो.” अहो, दोन कान सारखे नसतात! डबीत तीन-चार मापांच्या टोप्या देतात त्या याचसाठी. डाव्याला लहान आणि उजव्याला मध्यम घालायला कुणाची बंदी नाही, पण माणसं जोडी मोडायला तयार नसतात. दुसरी तक्रार, “पूर्वीइतका आवाज येत नाही.” दहातल्या बऱ्याच वेळा जाळीत मळ बसलेला असतो. मळ आपोआप बाहेर यायला बघतो आणि बड त्याला रोज आत ढकलतो. ज्यांना मळ जास्त होतो, कानातून पाणी येतं, खाज किंवा बुरशी वारंवार होते, पडद्याला भोक आहे, त्यांनी कानावरचेच घ्यावेत. त्यात वाद नको.

आणि निद्रानाश, हेडफोन मेहुण्याचा चालेल. बड्स उसने घेऊन करून बघू नका.

निद्रानाश

ताई, मनापासून आभार. ऑफिसात एकाचे बड्स घालून बघायचा बेत ठरला होता, तो रद्द करतो.

पायपीट

धावणाऱ्यांच्या वतीने एक बाजू. बड कानात घट्ट बसला की प्रत्येक पावलाचा धप्प आवाज डोक्यात घुमतो, श्वास तर जणू कानाशी भाता चालवल्यासारखा. बूच जितकं चांगलं तितका हा त्रास जास्त. आणि वारा सुटला की बाहेरच्या माइकवर आपटून जो फर्रर्र आवाज येतो तो यंत्रच आणून कानात टाकतं. मी धावताना कॅन्सलेशन बंद ठेवते आणि बाहेरचं ऐकू येण्याची सोय चालू. रस्त्यावर मागून काय येतंय ते कळायलाच हवं.

तरी कानावरचे घालून धावा म्हणाल तर नाही. घामाने गाद्या चिंब होतात आणि सहा महिन्यांत त्यांचे पापुद्रे गालाला चिकटायला लागतात.

मळसूत्र

तो धप्प आवाज म्हणजे हाडांतून आलेला तुमचाच आवाज. एरवी तो कानाच्या उघड्या तोंडातून निघून जातो, बूच लावलं की कोंडतो. बोटं कानात घालून ‘ऊऽऽ’ म्हणा, लगेच कळेल. फोनवर बोलताना बड्समध्ये स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा येतो त्याचंही कारण हेच. कानावरच्यांत हा त्रास बराच कमी, कारण गादीच्या आत हवेला जागा असते.

कानसेन

इथे कुणी गाण्याबद्दल बोलणारच नाही का?

घुमट

हेडफोनच्या धाग्यावर गाणं? अवांतर नको.

कानसेन

हलके घेतो. तरी सांगतो. मी दोन्ही वापरतो. मैफलीचं ध्वनिमुद्रण ऐकायचं असेल तर कानावरचेच. सूर कानाच्या पाळीवरून वळून आत येतो, तंबोरे जरा बाजूला बसल्यासारखे वाटतात. बड्समध्ये सगळे कलाकार माझ्या दोन भुवयांच्या मधे दाटीवाटीने बसतात.

पण एक कबुली देतो. प्रवासात बड्समध्ये जे गाणं ऐकतो ते जास्त बारकाईने ऐकतो, कारण हलत्या गाडीत बूच घट्ट राहतं. मोठ्या हेडफोनला मान वळवली, जांभई दिली, मागे डोकं टेकलं की गादी सरकते. मागे टेकता न येणं ही मोठ्या हेडफोनची खरी शिक्षा, जाहिरातीत सगळे ताठ बसलेले असतात बघा.

माझा एक आक्षेप कॅन्सलेशनवरच आहे. शांत खोलीत ते चालू केलं की कानाला दडे बसल्यासारखं होतं. घाटात गाडी चढते तेव्हा होतं तसं. आवंढा गिळला तरी जात नाही. हा काय प्रकार?

घुमट

आवंढा गिळून जाणार नाही, कारण दाब बदललेलाच नसतो. एरवी खोलीतली खालची घरघर कायम असते आणि आपल्याला ती जाणवतही नाही. ती एका झटक्यात गेली की मेंदूला वाटतं कानाच्या आतबाहेर दाबाचा फरक पडला असणार, कारण खरे दडे बसतात तेव्हाही खालचे आवाज असेच दबतात. काहींना दोन दिवसांत सवय होते, काहींना कधीच नाही. बऱ्याच हेडफोनांत कॅन्सलेशन कमी-जास्त करता येतं, शांत खोलीत ते बंदच ठेवा. ज्यांना होतं त्यांच्यापैकी काहींना बड्समध्ये कमी होतं, काहींना जास्त. इथे दुसऱ्याचा अनुभव कामाचा नाही.

मळसूत्र

आणि ज्यांच्या कानात सतत ‘कुंई’ आवाज येतो त्यांनी पूर्ण शांततेच्या मागे लागू नये. बाहेरचं सगळं बंद झालं की आतलं मोठं होतं.

एक मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून. कॅन्सलेशनचा खरा उपकार शांततेपेक्षा आवाजाच्या बटणावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा अशी: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. लहान मुलांसाठी सुरुवातच ७५ पासून. विमानाच्या केबिनमध्येच ८० ते ८५ चा गोंगाट असतो, त्यावर गाणं ऐकू यायचं तर आवाज किती न्यावा लागेल बघा. घरघर कापली की तेच गाणं कितीतरी खालच्या आवाजात पुरतं. या हिशेबात कानावरचे की कानातले याने फरक पडत नाही, घट्ट बसलेत की नाही याने पडतो.

गरुडझेप

विमानाचा विषय निघालाच आहे तर, ही सगळी गंमत विमानातच सुरू झाली. १९७८ मध्ये एमआयटी या अमेरिकन तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक अमर बोस झुरिकहून बॉस्टनला येत होते. विमान कंपनीने दिलेले हेडफोन लावले तर इंजिनाच्या आवाजात संगीत ऐकूच येईना. बाकीचा प्रवास त्यांनी कागदावर गणित मांडण्यात घालवला. विमान उतरलं तेव्हा मूळ आराखडा तयार होता, पण विकायला ठेवण्याजोगा वैमानिकांचा हेडसेट यायला १९८९ उजाडलं. मधे १९८६ मध्ये व्हॉयेजर विमान न थांबता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं, नऊ दिवस. त्यातल्या दोन वैमानिकांना कान शाबूत राहावेत म्हणून त्याच हेडसेटचे नमुने दिले होते. तुमच्याआमच्यासाठीचा, त्यांच्या बोस कंपनीचा क्वाएटकम्फर्ट हेडफोन आला २००० मध्ये.

मी म्हणतो ते यावरून सिद्धच होतं. विमान म्हणजे कानावरचे.

घुमट

याने एवढंच सिद्ध होतं, की तेव्हा माइक, बॅटरी आणि सर्किट कानात मावत नव्हतं. २०१३ मध्ये बोसचेच कानातले क्यूसी२० आले तेव्हाही सर्किट आणि बॅटरी वायरीला लोंबणाऱ्या एका पट्टीत होती. कॅन्सलेशनवाले बिनवायरीचे बड्स सगळीकडे दिसायला लागले ते २०१९ मध्ये ॲपलचे एअरपॉड्स प्रो आल्यावर.

आणि भौतिकशास्त्र उलट बडच्या बाजूने आहे. बड आणि पडदा यांच्यात उरते ती इवलीशी पोकळी. आतल्या माइकला जे ऐकू येतं जवळजवळ तेच पडद्याला ऐकू येतं, त्यामुळे उलटी लाट चुकायला जागा कमी. मोठ्या हेडफोनच्या गादीत पोकळी मोठी, अंतर जास्त. त्यांच्याकडे दुसरं भांडवल आहे: मोठा स्पीकर खालच्या आवाजाला पुरून उरतो, बॅटरी मोठी, माइक हवे तिथे लावता येतात. दहा वर्षांपूर्वी “मोठे म्हणजे भारी” हे डोळे मिटून म्हणता यायचं. आता मॉडेल बघावं लागतं, आणि त्याहून जास्त स्वतःचा कान.

हिशेबनीस

माझा मुद्दा रुक्ष आहे.

लिथियमची बॅटरी काही शे वेळा पूर्ण भरून-रिकामी झाली की म्हातारी होते. समजा तुम्ही रोज सहा तास ऐकता. सहा तासांचा बड रोज एकदा पूर्ण रिकामा होतो, म्हणजे वर्षाला ३६५ फेऱ्या. तीस तासांचा हेडफोन पाच दिवसांतून एकदा, वर्षाला ७३. एकाच दिवशी, एकाच गुणवत्तेचे विकत घेतले तरी बडची बॅटरी पाचपट वेगाने झिजते. आणि ती चिकटवून बंद केलेली असते, बदलायची म्हटलं तर बहुधा बडच बदलावा लागतो. मोठ्या हेडफोनच्या गाद्या बदलून मिळतात, काहींची बॅटरीही.

ज्याला वस्तू पाच वर्षं वापरायची सवय आहे त्याने हे आधी बघावं, डेसिबल नंतर.

पायपीट

हिशेबनीस, रोज सहा तास बड्स घालणाऱ्याचे कान आधी झिजतील.

हिशेबनीस

तो खर्च मी धरलेला नाही.

खडूस म्हातारा

ते “बाहेरचं ऐकू येण्याची सोय” म्हणालात ती काय? माझा मुलगा म्हणतो, बड्स घाला म्हणजे नीट ऐकू येईल. मला वाटलं चेष्टा करतोय.

मळसूत्र

चेष्टा नाही काका. बाहेरचे माइक आजूबाजूचा आवाज उचलून आत देतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) एअरपॉड्स प्रो २ मधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली, सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या प्रौढांसाठी. पण आधी कान तपासून घ्या. कापूस काढून.

निद्रानाश

तीन दिवसांनी येतोय, प्रयोग करून.

प्रयोग एक, चष्मिस यांचा. चष्मा काढला आणि एसी, जो मला वाटत होतं की “गायब” झालाय, तो आणखी गायब झाला! म्हणजे इतके दिवस मी अर्ध्याच गायबवर खूश होतो. गृहस्थांचा आवाजही जरा दबला. पण चष्म्याशिवाय मला स्क्रीन म्हणजे पांढरा ढग दिसतो.

प्रयोग दोन, माझ्या डोक्यातून निघालेला. कपाटात जुने वायरचे कानातले होते. बिनबॅटरीचे, कॅन्सलेशन वगैरे काही नाही. त्यांना ताईंनी सांगितल्याप्रमाणे डावीकडे लहान आणि उजवीकडे मध्यम टोपी लावली, पाळी ओढून घातले. गाणं बंदच. आणि गृहस्थ... आहेत, पण गाडीच्या काचा वर केल्यावर बाहेरचा माणूस असतो तसे. काहीतरी बोलतायत एवढं कळतं, काय ते नाही. मेहुण्याच्या त्या एवढ्या मोठ्या यंत्रापेक्षा कपाटातल्या वायरीने माझं काम जास्त केलं. एसीची घरघर मात्र होती तशी.

प्रयोग तीन, दोन्ही एकावर एक. खाली वायरवाले, वर मेहुण्याचा हेडफोन. बोलावून गेलेला शिपाई कळला नाही, साहेब येऊन उभे राहिले ते कळलं नाही, खांद्यावर हात पडला तेव्हा किंचाळलो. प्रयोग बंद.

घुमट

प्रयोग दोन हा या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. बूच बसतं हे फुकटात कळलं. आता त्याच मापाच्या टोप्या मिळणारे कॅन्सलेशनवाले बड्स घ्या, एसीही जाईल.

उरलेल्या व्यंजनांसाठी एक युक्ती. बडमध्ये पावसाचा किंवा धबधब्याचा सलग आवाज अगदी हळू लावा. गाणं नको, त्यात पोकळ्या असतात आणि शब्द त्या पोकळ्यांतून डोकं काढतात. सलग सरसर त्या १०००-४००० च्या पट्ट्यावर पांघरूण घालते. जी चादर यंत्राने ओढून घेतली तीच, पण आता तुमच्या हातातली.

गरुडझेप

आणि विमान?

निद्रानाश

विमान वर्षातून चार-पाचदा, गृहस्थ रोज. बड्स.

रात्रीचं मात्र अजून सुटलेलं नाही. कुशीवर वळलं की बड उशीत दाबला जाऊन कानाच्या तोंडाशी दुखतो.

मळसूत्र

रात्री फोमचे बोळे. मऊ असतात, चार्ज करावे लागत नाहीत, हरवले तर दुसरे. झोपेत चार-पाच तास बड घालून कानाला घाम आणायची मी कुणालाच शिफारस करणार नाही.

चष्मिस

सॉलिड निर्णय. चष्म्याची काडी आणि बड यांचं मात्र भांडण होत नाही, हे अनुभवाने सांगते. फक्त मास्क काढताना सावध राहा, दोरीबरोबर बड उडतो.

गरुडझेप

उजवा बड. आता आठवलं. 🤦

निद्रानाश

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.

बड्स घेतले. टोप्या लहान-मध्यम, पाऊस मंद, एसी नाही, गृहस्थ काचेपलीकडे. उत्तम चाललं होतं. गृहस्थांनी एकदा विचारलं, कानात काय घालता हो सारखं? मी भोळेपणाने सगळं सांगितलं, कॅन्सलेशन वगैरे. त्यांना आवडलं. मागच्या आठवड्यात त्यांनी घेतले. कानावरचे, मोठे. चष्मा नाही त्यांना, चपखल बसलेत.

आता त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. फोनवर आधीच्या दीडपट ओरडतात. काच फुटली.

घुमट

साइडटोन! बोलताना स्वतःचा आवाज थोडासा कानात परत देण्याची सोय असते, बऱ्याच मोठ्या हेडफोनांच्या ॲपमध्ये. नाहीतर कॉल चालू असताना बाहेरचं ऐकू येण्याची सोय चालू ठेवायची. स्वतःचं ऐकू आलं की माणूस आपोआप हळू बोलतो. हे तेवढं त्यांच्या कानावर घाला.

निद्रानाश

तेच तर. कानावर जागा कुठे आहे?